मदरबोर्डावरची रिकामी जागा

मनोहर आषाढात गेला. त्यानंतर काही दिवसांनी त्याच्या मुलानं, समीरनं, त्याचा लॅपटॉप माझ्याकडे आणून दिला. बाबांचा आहे, टाकवत नाही, पण फार हळू चालतो, थोडी मेमरी वाढवता आली तर आई वापरेल, असं त्याचं म्हणणं. मी तो घेऊन आमच्या नागपूरच्या सीताबर्डीत गेलो. जिथं एके काळी मनोहरचं आणि माझं दुकान होतं, त्या गल्लीजवळच आता कॉम्प्युटरची ओळीनं दुकानं आहेत. एका दुकानातल्या माणसानं लॅपटॉप पालथा केला, मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि लगेच बंद केलं.

"अंकल, यात काही वाढत नाही. सगळं बोर्डावरच सोल्डर आहे. नवीन घेऊन टाका."

तो उद्धट नव्हता. खरं तेच सांगत होता. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि ऑटोत येऊन बसलो. भांडण मला कधी जमलं नाही. आमच्या दुकानात भांडण्याचं काम मनोहरचं आणि वाचण्याचं माझं, अशी वाटणी होती. आता तो नाही, तेव्हा जे बोलायचं ते मला लिहूनच बोलावं लागणार. या अंकाच्या संपादकांनी कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळातल्या गमती मागितल्या होत्या. गमती एक-दोन येतील. पण मी रागानं लिहायला बसलो आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

मी भौतिकशास्त्रातला एम.एस्सी. एका खाजगी कॉलेजात तात्पुरता शिकवत होतो. दर उन्हाळ्यात मला काढत आणि दर पावसाळ्यात परत घेत. मनोहर रेडिओ दुरुस्त करायचा, टीव्ही आले तसा टीव्ही दुरुस्त करू लागला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आम्ही दोघांनी व्हरायटी चौकामागे, एका कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर जोडून विकायचा धंदा सुरू केला. सुटे भाग मुंबईहून यायचे. त्यांच्याबरोबरची इंग्रजी पुस्तकं मी वाचायचो आणि मनोहर हातानं जोडायचा.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरमध्ये विचार करतो तो प्रोसेसर, म्हणजे एक काळी, आयताकृती चिप. ती ज्या हिरव्या पाटीवर बसते तो मदरबोर्ड. प्रोसेसर दर दोन-तीन वर्षांनी जुना होतो, त्याला इलाज नाही. पण बोर्ड नीट निवडला असेल तर जुनी चिप काढून त्याच जागी जरा वेगवान चिप बसवता येते आणि मशीन आणखी काही वर्षं काम देतं. त्यासाठी चिप सॉकेटमध्ये बसवलेली हवी, म्हणजे तिचे पाय खाचांत नुसते दाबून बसवलेले, हवी तेव्हा काढता-घालता येईल अशी. बोर्डावरच झाळून, म्हणजे सोल्डर करून टाकली असेल तर संपलं. त्या काळच्या बोर्डांवर प्रोसेसरशेजारी आणखी एक सॉकेट असायचा, तो बहुतेक रिकामा. तो गणिताच्या चिपसाठी. आमच्या वेळचा ८०८८ हा प्रोसेसर पूर्णांकांचं गणित झटपट करायचा, पण अपूर्णांक आले की एखादं मूल बोटं मोजतं तसा मोजत बसायचा. शेजारी ८०८७ ही गणिताची चिप बसवली की अपूर्णांकांचं काम ती करायची. ती महाग होती. सगळ्यांना पहिल्या दिवशी परवडायची नाही, आणि सगळ्यांना लागायचीही नाही. म्हणून जागा रिकामी ठेवायची आणि पुढं ऐपत आली की भरायची.

हातात पैसे कमी असलेलं गिऱ्हाईक आलं की आम्ही सांगायचो, चिप हलकी घ्या, पडदा काळा-पांढरा घ्या, पण बोर्ड बघून घ्या. मनोहरचं वाक्य ठरलेलं होतं. "चिप गरिबाची चालते गा. बोर्ड गरिबाचा नाही चालत." नवा बोर्ड हातात आला की तो आधी प्रोसेसरच्या कडेखाली अंगठ्याचं नख घालून पाहायचा. नख आत गेलं, म्हणजे खाली सॉकेट आहे. नख अडलं तर बोर्ड मुंबईला परत. त्यासाठी त्यानं उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं होतं, आणि त्याची बायको त्यावरून त्याला टोमणे मारायची.

गिऱ्हाइकाला मात्र रिकामी जागा आवडायची नाही. इतवारीतले एक ठोक किराणा व्यापारी आमच्याकडून मशीन घ्यायला आले. आत टॉर्च मारून पाहिलं आणि त्यांची मुद्रा बदलली.

"हे खाली काहून आहे? इथला पुर्जा कोणी काढला?"

मनोहरनं त्यांना गणिताच्या चिपची गोष्ट सांगितली. ती त्यांना पटली नाही. मग मनोहर म्हणाला, "शेठजी, तुमच्या नव्या गोदामाच्या गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून ठेवल्या आहेत ना? कापून भंगारात टाका त्या. कायले ठेवल्या?"

"अरे, वरचा माळा नाही का चढवायचा?"

"मंग हे तेच समजा."

शेठजींनी पुन्हा एकदा आत टॉर्च मारला. मग म्हणाले की ठीक आहे, पण त्या जागेवर काही झाकण लावून द्या, गोदामात उंदीर फार आहेत.

सावनेरची प्रमिला धोटे आमच्याकडे पहिल्यांदा आली ती तिच्या वडिलांबरोबर. वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. प्रमिला सिव्हिल इंजिनिअर झालेली, कॉलेजात पहिल्या काहींमध्ये. पण तिला ठेवायला कोणी तयार नव्हतं. ठेकेदार म्हणत, साइटवर मुलगी नको. म्हणून ती घरी बसून इमारतींची गणितं करायची. कॉलममध्ये किती लोखंड, बीम किती जाड, पाया किती खोल. धरमपेठेतले एक आर्किटेक्ट तिला दुमजली घरांची कामं पाठवायचे आणि ती ती कॅल्क्युलेटरवर सोडवायची. मोठ्या इमारतीत एकमेकांत अडकलेली इतकी समीकरणं असतात की ती हातानं सुटत नाहीत. आर्किटेक्टनी तिला सांगून ठेवलं होतं, कॉम्प्युटर घे, मग मोठी कामं देतो. वडिलांचं म्हणणं होतं की दोन वर्षं बघू, नाही जमलं तर लग्नाचं बघू. हे त्यांनी आमच्यासमोर तिच्या देखत सांगितलं. ती खाली मान घालून बोर्डाचं पुस्तक वाचत होती.

तिची गरज ऐकल्यावर आम्हाला विचार करावा लागला नाही. साधा बोर्ड, ८०८८, शेजारी रिकामा सॉकेट. दोन-चार कामांची कमाई झाली की ८०८७ आणून बसवायची, बस. असं गिऱ्हाईक धंद्यात क्वचित मिळतं, ज्याला रिकाम्या जागेची किंमत आपण सांगण्याआधीच कळते.

पण बँक आडवी आली. स्वयंरोजगाराचं कर्ज मंजूर होतं ते कंपनीच्या सीलबंद मशीनसाठी. आमच्यासारख्यांनी जोडलेल्या मशीनला बँक हात लावणार नव्हती, कारण त्याला कंपनीची गॅरंटी नाही. मशीन कशासाठी घेताय, त्यात पुढं काय वाढवता येईल, हे बँकेतल्या कोणी विचारलं नाही. वरती कंपनीचं नाव आहे ना, मग झालं. मला आजही हे आठवलं की संताप येतो. आत काय आहे ते पाहायचं नाही, आणि पाहू देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

कंपनीचा एजंट सदर भागात होता. वातानुकूलित शोरूम, गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं. धोटे काकांनी मनोहरला बरोबर नेलं. मनोहरनं मशीन उघडून दाखवायला सांगितलं. एजंटनं पाठीमागच्या जोडावर चिकटवलेला कागदी सील दाखवला आणि म्हणाला की तो आपल्यालाही तोडता येत नाही, कंपनीचा नियम आहे. काकांनी विचारलं, पुढं ती गणिताची चिप बसेल ना? एजंटनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सब लगेगा, काका."

बाहेर आल्यावर मनोहरनं प्रमिलाला सांगितलं, हे घेऊ नको. ज्याच्या पोटात काय आहे ते पाहू देत नाहीत, ते घ्यायचं नाही. ती म्हणाली, "भाऊ, बँक दुसरं देत नाही. हे नाही घेतलं तर काहीच नाही." ती बरोबर होती. म्हणूनच मनोहर त्या दिवशी दुकानात न येता तडक घरी गेला.

वर्षभर तिनं त्या मशीनवर काम केलं. इमारतीचा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला. सकाळी गणित लावायचं, मग अंघोळ, स्वयंपाक, बाजार, आणि दुपारी येऊन पाहायचं, तरी ते चालूच असायचं. मधेच वीज गेली की पहिल्यापासून. मग आर्किटेक्टनी तिला पाच मजली इमारत देऊ केली. दिवाळीपर्यंत गणित पूर्ण हवं, नाही तर काम मुंबईच्या ऑफिसला जाणार. तिनं मुद्दाम निरोप पाठवला, चिप मागवा. आम्ही मुंबईहून ८०८७ आणवली. काळ्या स्पंजात रुतवलेली, एवढीशी. प्रमिलानं एजंटला रीतसर कळवलं की माणूस पाठवा, सील तुमचा आहे, तुम्हीच उघडा आणि बसवून द्या.

माणूस आला तो दसऱ्यानंतर. आणि इथं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या मुलखात झालं नसतं. दसऱ्याला धोट्यांच्या घरी वडिलांचा खाणीतला दिवा, प्रमिलाचा कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर यांची पूजा झाली होती. पूजेआधी तिच्या आईनं मशीन ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलं. मागचा कागद निघून आला. तो किमतीचा कागद असावा असं समजून, पण कंपनीचा आहे तर फेकू नये म्हणून, तिनं तो भाताच्या शितांनी परत होता तिथं चिकटवला आणि त्याच्यावर हळदकुंकू लावलं.

कंपनीच्या माणसानं मशीन फिरवलं. सीलवर कुंकू, सीलखाली वाळलेली शितं. त्यानं कागदावर लिहून दिलं की मशीनशी छेडछाड झाली आहे, गॅरंटी संपली. चिप न बसवताच तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक एसटीनं आले, मशीन चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. काकांचा चेहरा उतरलेला. ते पुन्हा पुन्हा सांगत होते, म्हातारीचा काही दोष नाही. मनोहरनं ती शितं पाहिली आणि जोरात हसला. "काकू देवमाणूस आहे. गॅरंटी गेली ना? मंग आता उघडायले कोणाच्या बापाची परवानगी नाही पाहिजे."

त्यानं झाकण काढलं, अंगठ्याचं नख प्रोसेसरच्या कडेला लावलं. नख अडलं. प्रोसेसर बोर्डालाच झाळलेला होता. त्याच्याशेजारी पांढऱ्या शाईनं आखलेली चौकट, तिच्यात भोकांच्या दोन ओळी, ८०८७ ची जागा. सॉकेट नाही. भोकं कथलानं भरून टाकलेली. मनोहरनं बोर्ड माझ्या हातात दिला.

मी बोर्ड उजेडात धरून एकेका भोकातून निघणारी तांब्याची रेघ पुस्तकातल्या आकृतीशी ताडून पाहिली. सगळ्या रेघा होत्या. जिथं जायला हव्यात तिथंच जात होत्या. म्हणजे बोर्ड करणाऱ्यानं जागा दिली होती, रस्ता दिला होता, फक्त शेवटचा प्लास्टिकचा सॉकेट लावला नव्हता. तो सॉकेट तर्री-पोह्याच्या एका प्लेटच्या किमतीत मिळायचा. कोणा एकाच्या काटकसरीला एवढंच सुचलं होतं, किंवा काटकसर नसेलच, पुढचं मशीन विकायची सोय असेल. मला आजवर हे दुसरं कारणच खरं वाटत आलं आहे.

मी, मनोहर आणि प्रमिला असे तिघं सदरला गेलो. एजंटनं थंड पेयं मागवली आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की सील तुटला आहे, शिवाय या मॉडेलमध्ये ती चिप बसतच नाही. नवं मॉडेल आलं आहे, त्यात बसते, ते नवीन घ्या. मनोहरनं आठवण दिली, मागच्या वर्षी इथंच उभं राहून सब लगेगा म्हणाला होतात. एजंट म्हणाला, तेव्हा कंपनी तसं म्हणत होती. मनोहरचा आवाज चढायला लागला होता, तेवढ्यात प्रमिला बोलली. ती एरवी आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायची. त्या दिवशी घरची भाषा आली.

"साहेब, कोणी मले एक खोली बांधायची आहे म्हणून सांगितलं, तरी मी कॉलमच्या सळया वर सोडते. माणूस गरीब असला तर जास्त आठवणीनं सोडते. कारण त्याले पुन्हा पायापासून बांधणं होत नाही. तुम्ही सळया कापल्या आणि वरून गिलावा करून दिला."

"मॅडम, घर अलग, कॉम्प्युटर अलग," एजंट हसून म्हणाला.

थंड पेयं टेबलावर तशीच राहिली.

दुकानात परत आल्यावर मनोहर बराच वेळ बोर्ड उलटसुलट करत बसला. भोकांतलं कथील काढून तिथं सॉकेट बसवता येण्यासारखा होता. पण एकेक भोक मागून तापवायचं, कथील पातळ झालं की हातातल्या छोट्या पंपानं ओढून घ्यायचं, आणि उष्णता जराशी जास्त झाली की भोकाभोवतीची तांब्याची कडी सुटून येते. ती सुटली की बोर्ड मेला. आणि हिच्याजवळ दुसरं मशीन नाही, बँकेचं कर्ज डोक्यावर. मनोहर एरवी कधी घाबरायचा नाही, त्या दिवशी घाबरला. तो म्हणाला, "प्रमिला, हे मेलं तर होतं ते बी जाईल. घरी जाऊन विचार कर वं."

"होतं ते मले कुठपर्यंत नेईल, भाऊ? दुमजली घरापर्यंत. तुम्ही करा."

काका काहीतरी बोलू पाहत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मनोहरनं आधी एका मेलेल्या बोर्डावर हात बसवून घेतला. मग पंखा बंद करायला लावला, म्हणजे तापमान हलणार नाही. नागपूरची ऑक्टोबरची दुपार, माडीवर पत्रे. त्याच्या कपाळाचा घाम बोर्डावर पडू नये म्हणून प्रमिला रुमाल घेऊन शेजारी उभी होती. एकेक भोक मोकळं झालं की मी मीटर लावून तांबं शाबूत असल्याचं पाहायचो आणि मान हलवायचो. शेवटच्या भोकानंतर मनोहरनं सॉकेट बसवला, झाळला, आणि चिप दोन्ही अंगठ्यांनी दाबून आत सारली. मशीन सुरू झालं. प्रमिलानं आपलं गणित लावलं.

गणित पूर्वीइतकंच रेंगाळत चाललं.

मनोहरचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. काका खिडकीपासून वळले. मी पुस्तक पुन्हा उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं. बोर्डाच्या कोपऱ्यात पांढऱ्या बारक्या कळांची, म्हणजे स्विचांची, एक रांग असते. त्यातली एक मशीनला सांगते की गणिताची चिप आहे किंवा नाही. ती अजून 'नाही' वरच होती. मी पेनच्या टोकानं ती सरकवली. पुन्हा मशीन सुरू, पुन्हा गणित. काकांनी खालून सगळ्यांसाठी चहा सांगितला होता. तो आला, प्रमिलानं कप उचलला, आणि पडद्याकडे पाहून तो तसाच खाली ठेवला. गणित संपलं होतं.

तिनं पुन्हा लावून पाहिलं. मग पुन्हा एकदा. काकांनी तिला काय झालं ते विचारलं. मनोहर म्हणाला, "काका, लग्नाचं नंतर बघा. आता पाच माळ्यांचं पाहू द्या तिले."

ती इमारत आजही रामदासपेठेत उभी आहे. त्यानंतर प्रमिलानं कितीतरी उभारल्या. लग्न तिनं केलं, स्वतःच्या वेळी, आणि सावनेर सोडलं नाही.

आमचं दुकान नव्वदीनंतर फार चाललं नाही. सगळ्यांना सीलबंद हवं होतं. आम्ही उघडून दाखवायचो, हाच आमचा दोष ठरला. एजंटनं पुढं धंदा बदलला असं ऐकलं, पण त्याचं वाक्य मागं राहिलं आणि आता ते सगळ्या जगाचं झालं आहे. नवीन घ्या. पूर्वी निदान सॉकेटची चौकट तरी आखलेली असायची. आता जागाच ठेवत नाहीत, आणि गिऱ्हाईकही जागा मागत नाही, याचा मला जास्त राग आहे.

मनोहरनं मानेवाड्याला घर बांधलं तेव्हा त्याचं गणित प्रमिलानं केलं. फी घ्यायला ती तयार नव्हती. तळमजलाच झाला. सळया तिनं वर सोडल्या आणि पाण्यानं गंजू नयेत म्हणून त्यांच्याभोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचे ठोकळे भरून घेतले. वरचा मजला मनोहरच्यानं कधी झाला नाही. शेजारी त्या ठोकळ्यांवरून त्याची थट्टा करायचे.

महिनाभरापूर्वी समीरनं एका बिल्डरला बोलावलं होतं. त्याला वर दोन खोल्या हव्या आहेत. बिल्डर गच्चीवर न जाताच म्हणाला की जुनं बांधकाम आहे, पाडून नवीन करू. समीरचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हणालो की थांब, आणि प्रमिलाला कळवलं. ती सावनेरहून आली. केस पिकले आहेत, गच्चीची शिडी चढताना थांबावं लागतं. तिनं प्रत्येक कॉलम हातोडीनं वाजवून पाहिला, काँक्रीटची तपासणी करून घेतली, आणि पंधरवड्यानं पुन्हा आली ती उत्तर घेऊनच.

"चढव," ती समीरला म्हणाली. "तुझ्या बाबांनी याच्यासाठीच ठेवल्या होत्या."

गवंड्यानं कोपऱ्यातला पहिला ठोकळा छिन्नीनं फोडला. आतून सळया निघाल्या, काळ्या, घट्ट. सगळे गवंड्याकडे पाहत होते. मी खाली वाकलो आणि एका सळईला अंगठ्याचं नख लावून पाहिलं.